हनीपॉपमधल्या डेट पुढे सरकत नाहीयेत, आणि ह्यानंतर खरी गोष्ट असलेलं काय खेळावं?

सांगलीकर_हिंजवडीत

नमस्कार मंडळी. धागा १८+ आहे, म्हणून मुद्दाम प्रौढांच्या विभागात टाकतोय.

मी सध्या हनीपॉप खेळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जानेवारी २०१५ मध्ये आलेला पीसीवरचा गेम आहे, चित्रं सगळी ॲनिमे स्टाईलची पण बनवलाय अमेरिकेतल्या हनीपॉट नावाच्या छोट्या स्टुडिओने, किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून. अर्धा डेटिंग सिम आणि अर्धा रंग जुळवायचा गेम. क्यू नावाची एक परी येते, ती तुम्हाला बायकांशी बोलायला शिकवते, मग तुम्ही कॅम्पस, जिम, कॅफे, बार असं फिरत लोकांना भेटता, गप्पा मारता, त्यांनी सांगितलेलं लक्षात ठेवता, भेटवस्तू देता, आणि डेट म्हणजे प्रत्यक्षात कोड्याचा बोर्ड असतो, ठरलेल्या मूव्हमध्ये ॲफेक्शन भरलं की डेट जमली.

पहिला प्रश्न हा की सुरुवातीला सगळं झपाझप होत होतं पण आता प्रत्येक डेटला टार्गेट वाढतच चाललंय आणि मूव्ह मात्र तेवढ्याच, आयको आणि लोला दोघींच्याही डेट शेवटच्या थोड्याशा ॲफेक्शनसाठी हुकतायत. गप्पांतून मिळणारे हनी पॉइंट कशावर खर्च करायचे ह्याचा काही अंदाज येत नाहीये.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोडं मनापासून आवडलंय, आवाज चांगले आहेत, पण माणसं हाताला लागत नाहीत. कियाना म्हणून एक आहे, सलूनमध्ये काम करते, एकटीने मूल वाढवतेय, हे ती स्वतःच सांगते. मला वाटलं आता ह्याचं पुढे काहीतरी होणार, एखाद्या डेटला ती येणारच नाही कारण पोराला ताप आलाय किंवा असं काहीतरी, पण नाही, परत तोच बोर्ड आणि तेच रंग. मग असे गेम आहेत का ज्यात नातं खरंच घडतं? अटी दोनच, पात्रं मोठी हवीत, म्हणजे नोकरी करणारी, घरभाडं भरणारी, शाळेच्या युनिफॉर्ममधलं काहीही नको, आणि लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. इंग्रजी चालेल.

धागापाल_२

धागा चालू ठेवा, फक्त नियम पुन्हा एकदा सांगतो. प्रौढ सीनचे स्क्रीनशॉट नकोत, क्रॅकच्या लिंका नकोत, आणि अल्पवयीन किंवा तशी दिसणारी पात्रं लैंगिक रूपात दाखवणाऱ्या गेमची इथे चर्चासुद्धा नको, मग ते "चित्रच तर आहे" म्हणून कोणी कितीही वाद घातला तरी. आयटी कायद्याच्या कलम ६७ब मध्ये असलं साहित्य शोधणं, डाउनलोड करणं हेही येतं आणि जवळ साठवून ठेवण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये अगदी स्पष्ट निकाल दिलेला आहे. सांगलीकरांनी अट स्वतःहून घातली हे बरं केलं.

पिंपळपान

सांगलीकर भावा, पहिल्या प्रश्नाचं सविस्तर सांगतो, हा गेम मी पूर्ण केलाय.

सगळ्यात आधी, तू कँडी क्रशच्या सवयीने शेजारशेजारचे दोन तुकडे बदलतोयस का बघ. ह्यात तसं नाहीये. कुठलाही तुकडा त्याच ओळीत किंवा त्याच रकान्यात कितीही लांब सरकवता येतो, मधले सगळे एकेक घर मागे येतात. हे एकदा डोक्यात बसलं की बोर्ड वेगळाच दिसायला लागतो, कारण चार-चार पाच-पाच जुळवणं मग नशिबावर राहत नाही, स्वतः रचता येतं. मूव्ह करण्याआधी पूर्ण बोर्ड बघ, घड्याळ नसतं, बसून विचार कर.

आता रंगांचं. निळा टॅलेंट, हिरवा फ्लर्टेशन, केशरी रोमान्स, लाल सेक्शुअलिटी, हे चार थेट ॲफेक्शन देतात, आणि प्रत्येकीचा एक आवडता रंग असतो नि एक नावडता. गुलाबी हृदय म्हणजे पॅशन, त्याने पुढच्या प्रत्येक जुळणीचं मोल वाढतं. थेंब म्हणजे सेंटिमेंट, तो साठवायचा आणि डेट गिफ्ट वापरायला खर्च करायचा. घंटा म्हणजे जॉय, मूव्ह परत मिळवून देते. जांभळं तुटलेलं हृदय ॲफेक्शन खातं, त्याला हात लावायचा नाही आणि आपल्या मूव्हने वरून घसरून ती तीन एकत्र येणार नाहीत हेही बघायचं.

चूक बहुतेक जण क्रमात करतात. डेट सुरू झाल्याझाल्या आवडत्या रंगावर तुटून पडतात. उलट करायचं, सुरुवातीच्या मूव्ह पॅशनवर घालव, तेव्हा वाया गेल्यासारखं वाटेल, पण तो गुणाकार नंतरच्या प्रत्येक मूव्हला लागू होतो, म्हणजे जितका लवकर वाढवशील तितका जास्त वेळ त्याचा फायदा मिळेल. मधे सेंटिमेंट आणि आवडता रंग, मूव्ह संपत आल्या की घंटा.

हनी पॉइंट कुठे घालायचे तर मी चारही रंगांची ट्रेट, म्हणजे त्या रंगातली आपली ताकद, थोडीथोडी वाढवत बसलो नाही. ज्यांच्या मागे सध्या आहेस त्यांचे आवडते रंग बघ, त्यातला जो दोघी-तिघींना सामाईक आहे तो आधी वर ने. आणि डेट गिफ्ट! हे बरेच जण विसरतात. ती दुकानातून घेऊन आधी तिला देऊन ठेवावी लागतात, मग डेटच्या वेळी खाली दिसतात. टार्गेट वाढल्यावर त्यांच्याशिवाय भागत नाही, मोठ्या डेट मी गिफ्टच्याच जोरावर काढल्या. एखाद्या गिफ्टने एका रंगाचे सगळे तुकडे दुसऱ्या रंगाचे होतात, तसलं एखादं योग्य वेळी वापरलं की अर्ध टार्गेट एका फटक्यात.

शेवटची रात्रीची फेरी वेगळी असते एवढं सांगून ठेवतो. तिथे मूव्ह मोजायच्या नाहीत, पट्टी आपोआप उतरत जाते आणि तू भराभर जुळवत राहायचं. विचार करत बसलास तर गेलं.

मेघना_डोंबिवली

मी पण खेळलेय, ह्यात खेळणारा पुरुष की बाई हे सुरुवातीला निवडता येतं, आणि कोडं खरंच छान आहे ह्यात वादच नाही. पण सांगलीकर म्हणतायत ती खंत मला पहिल्या तासातच जाणवली होती आणि त्याचं कारण मला गेमच्या प्रश्नांमध्ये दिसतं.

आठवा, समोरची आपल्याला काय सांगते आणि नंतर कशाची परीक्षा घेते? आडनाव, वय, उंची, वजन, वाढदिवस, आवडता रंग, आवडता ऋतू, कपचा साईझसुद्धा. हे वाचून मला आपल्याकडचा लग्नाचा बायोडाटाच आठवला, उंची अमुक, वर्ण गोरा, रक्तगट, रास, नाडी, अपेक्षा निर्व्यसनी. सगळं अचूक, आणि वाचून झाल्यावर माणूस कोण आहे ते काहीच कळत नाही. तिला कशाची भीती वाटते, कोणाशी तिचं पटत नाही, पगार झाल्यावर आधी काय करते, हे गेमला विचारायचंच नाहीये, कारण त्याला योग्य उत्तर असा प्रकार नसतो आणि पॉइंट देता येत नाहीत.

आणि बेली! भारतीय पात्र म्हणून मी मुद्दाम तिच्या मागे लागले होते. काय निघालं, योगा शिकवते, कपाळावर टिकली, शांत लाजरी. मला राग नाही आला, पण वाईट वाटलं, कारण तिचा आवाज आणि तिचं हळू बोलणं आवडलं होतं, थोडं लिहिलं असतं तर ती सगळ्यांत लक्षात राहिली असती.

आता दुसरं. ह्या प्रकारातले गेम म्हणजे पुरुषांसाठीच असं बरेच जण धरून चालतात, तर ते चूक आहे. जपानमध्ये १९९४ मध्ये कोएई कंपनीने ॲन्जेलिक नावाचा गेम काढला, कोएई म्हणजे तीच, नोबुनागाच्या लढायांचे गेम करणारी, आणि हा गेम त्यांच्या रुबी पार्टी नावाच्या टीमने खास मुलींसाठी केला. त्यात नायिका राणीपदाची उमेदवार असते, राज्य उभं करायचंय, आणि नऊ रक्षक पुरुषांपैकी कोणाच्या प्रेमात पडली तर राणीपद सोडावं लागतं. बघा, एवढ्या जुन्या गेममध्ये प्रेमाची किंमत मोजायला लावलीय! तिथून ओतोमे, म्हणजे मुलींसाठीच्या प्रेमकथेच्या गेमची सगळी परंपरा सुरू झाली. मी स्वतः हाकुओकीपासून सुरुवात केली, मूळ २००८ चा आहे, क्योटोमधली शिन्सेनगुमी म्हणजे शोगुनच्या बाजूची लढवय्यांची तुकडी, तलवारी, एदो काळाचा शेवट. ज्याच्यावर जीव लावावा त्याची बाजू हरणार आहे हे इतिहास माहीत असलेल्याला आधीच माहीत असतं आणि तरी आपण वाचत राहतो. पानिपतावर वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सीन म्हणाल तर उघडंवाघडं काही नाही त्यात, पण ओढ इतकी आहे की रात्री दोनला लॅपटॉप बंद करवत नव्हता.

सांगलीकर, तुमच्या अटीत बसणारं हवं असेल तर ड्रीम डॅडी बघा, २०१७ चा. ॲनिमे नाहीये, कार्टून म्हणता येईल. तुम्ही बायको किंवा नवरा वारलेले, कॉलेजला निघालेल्या मुलीचे बाबा असता, नवीन गल्लीत राहायला येता, आणि गल्लीतल्या इतर बाबांशी डेटिंग. पुरुष-पुरुष आहे, चालत असेल तर जरूर खेळा. मुलीशी असलेले संवाद मला सगळ्या डेटपेक्षा जास्त आवडले. कियानाच्या मुलाचं जे हवं होतं ना तुम्हाला, ते इथे आहे.

कोथरूडचे_काका

मी गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, बावीस वर्षांचा आहे, त्याच्या बोलण्यातून काही नावं कानावर आली म्हणून इथपर्यंत आलो. टीका करायची नाहीये, पण विचारतो, राग मानू नका. रंग जुळवले, वस्तू दिली की समोरची व्यक्ती हो म्हणते, हे तासन् तास केल्यावर माणसाच्या मनात बाईबद्दल तीच अपेक्षा तयार होत नाही का? आमच्या वेळेला पिवळी पुस्तकं होती, ती लपवून वाचायचो, पण पुस्तक तुमच्या मर्जीने चालत नव्हतं. इथे तर सगळं तुमच्या हातात. मुलाशी बोलायचंय पण सुरुवात कुठून करू ते समजत नाही.

पिंपळपान

काका, प्रश्न अगदी बरोबर आहे, राग कसला.

माझं मत सांगतो. उघडी चित्रं हा मला तितकासा मोठा धोका वाटत नाही, बावीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला इंटरनेटवर त्याहून कितीतरी जास्त दिसतंय. मला बघायला आवडेल ते हे, की गेममधली व्यक्ती नाही म्हणू शकते का? हनीपॉपमध्ये शेवटी सगळ्या हो म्हणतात, फक्त वेळ कमी-जास्त. म्हणून मी त्याला कोडं म्हणूनच मानतो आणि कोडं म्हणूनच शिफारस करतो. पण हा प्रकार मुळात असा नव्हता. १९९४ लाच कोनामीने तोकिमेकी मेमोरियल काढला, पीसी इंजिन ह्या कन्सोलवर, त्यात प्रौढ काहीच नव्हतं, साधं निरागस शाळेतलं प्रेम, पण नियम कसा होता बघा, तुम्ही एकीच्या मागे लागून दुसऱ्या मैत्रिणीला बरेच दिवस विचारलंच नाही तर तिच्या नावापुढे बॉम्ब दिसायला लागतो, तो फुटला की सगळ्याजणींचं तुमच्याबद्दलचं मत खाली येतं. आणि सगळं करूनही शेवटी कोणीच आलं नाही असा शेवट होऊ शकतो. एकट्याने घरी. तो शेवट बघितलेला माणूस "मी एवढं केलं तर तिने हो म्हणायलाच पाहिजे" असं धरून चालेल असं मला वाटत नाही.

मुलाशी बोलायचं असेल तर बंदी घालून सुरुवात करू नका. त्याला एवढंच विचारा, तुझ्या गेममध्ये तुला सगळ्यात आवडलेली व्यक्ती कोण आणि का. तो पाच मिनिटं बोलला तर तो गोष्ट वाचतोय, आणि दिसायला चांगली आहे एवढंच म्हणाला तरी निदान बोलणं सुरू झालं.

कोथरूडचे_काका

हे करून बघतो. बरं वाटलं वाचून.

रंकाळा_४१६

सांगलीकर, मेघनाताई आणि पिंपळपान ह्यांनी सांगितलंच आहे, माझ्याकडून एकच नाव, व्हीए-११ हॉल-ए. व्हेनेझुएलामधल्या सुकेबान गेम्सने केलाय, २०१६ चा, जुन्या जपानी पीसीवरच्या गेमसारखी पिक्सेल चित्रं, आणि तुझ्या लॅपटॉपवर आरामात पळेल. डेटिंग सिम नाहीये हे आधीच सांगतो, पण तुला जे हवंय ते हेच आहे असं मला ठाम वाटतंय.

जिल नावाची बारटेंडर, सत्तावीस वर्षांची. ग्लिच सिटी नावाचं वाट लागलेलं शहर. तुझ्यासमोर गिऱ्हाईक येतं, बसतं, बोलतं, पेय मागतं, तू बनवतोस. काय बोलायचं हे निवडायला पर्याय नाहीतच! फक्त ग्लासात काय जातं तेवढं तुझ्या हातात. कोणी नेहमीचं म्हणेल, तर नेहमीचं काय ते तुला आठवलं पाहिजे. कोणी गोड मागेल पण आजचा तिचा चेहरा बघून कळतं की तिला कडक हवंय. दारूचं प्रमाण वाढवलंस तर जीभ सैल होते, जे बोलायचं नाही ते बोलून जातात, आणि ते ऐकून तुलाच कसंतरी वाटतं. घरी आल्यावर भाडं, लाईटबिल, मांजर. जिलला एखादी वस्तू घ्यायची असते, ती नाही घेतलीस तर दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष लागत नाही आणि गिऱ्हाइकाने काय मागितलं ते गेम तुला परत दाखवत नाही, तूच लक्षात ठेवायचं. पैशाची ओढाताण असलेल्या माणसाचं डोकं कामावर कसं राहत नाही ते नियमातूनच दाखवलंय, एक वाक्य भाषण नाही. आणि जिलच्या जुन्या नात्याचं हळूहळू कळत जातं, ते मी सांगणार नाही.

प्रेमाबद्दल, शरीराबद्दल सगळेजण मोकळेपणी बोलतात, पण एकही उघडं चित्र नाही. मोठ्या माणसांचं मोठ्यांसारखं बोलणं.

विकत घेण्याबद्दल थोडं. स्टीमवर भाव रुपयात दिसतो, यूपीआय चालतं, सेलपर्यंत थांबलास तर बराच खाली येतो. प्रौढांसाठीचे गेम स्टीमवर मुळात दिसत नाहीत, अकाउंटच्या स्टोअर प्रेफरन्समध्ये जाऊन स्वतः टिक करावं लागतं, हनीपॉपच्या वेळी तर स्टीमवरची आवृत्ती सौम्यच केलेली होती आणि पूर्ण आवृत्ती दुसरीकडून घ्यावी लागायची, सप्टेंबर २०१८ पासून धोरण बदललं तेव्हा कुठे विनाकात्रीचे गेम तिथे अधिकृतपणे यायला लागले. स्टीमवर फ्रेंड असलेल्या रूममेटला तो गेम दिसू नये असं वाटत असेल तर गेमवर राईट क्लिक करून प्रायव्हेट करता येतो, मित्रांना दिसत नाही.

आणि टेलिग्रामवर जे फुकट एपीके फिरतात त्यांच्या नादी लागू नकोस. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या फोनमध्ये तसल्याच एका गेमबरोबर काहीतरी शिरलं आणि ओटीपीचे मेसेज परस्पर पुढे जायला लागले, बँकेत पळापळ झाली. आणि घरच्यांना कारण सांगता येईना ते वेगळंच.

मेघना_डोंबिवली

रंकाळा, विकत घ्या म्हणालात त्याला जोडून. जुलै २०२५ मध्ये काय झालं ते ह्या विभागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या एका संघटनेने मोहीम चालवली, निमित्त होतं बलात्काराभोवती रचलेल्या एका गेमचं, आणि तो गेम जायलाच हवा होता असं मी आजही म्हणेन. पण दबाव आला तो कार्ड आणि पेमेंट कंपन्यांकडून, आणि स्टीमने नियमच केला की पेमेंटवाल्यांच्या अटीत न बसणारं चालणार नाही, बरेच गेम काढले. इच (itch.io) ह्या छोट्या गेमच्या साईटवर तर प्रौढांसाठीचं सगळंच एका दिवसात शोधातून गायब केलं, त्यात वाईट गेम होते तसे समलिंगी नात्यांबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल, आजारपणाबद्दल लिहिणाऱ्या एकट्यादुकट्या लेखिकांचे गेमही होते. फुकटातले काही नंतर परत दिसायला लागले. जी बाई रात्री जागून एकटीने गेम लिहिते तिची कमाई अशी एका रात्रीत थांबते, आणि दाद कुणाकडे मागायची तर एका कार्ड कंपनीकडे, ह्याचा मला अजून संताप येतो. आवडलेला गेम विकत घ्या, आणि जिथे फाईल उतरवून ठेवता येते तिथे उतरवून ठेवा.

गोदाकाठ

नाशिकहून. मी असाच एक गेम मराठीत करतोय, म्हणून आतून कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे सांगलीकरांना कळेल की कियानाचं पुढे काही का होत नाही.

बहुतेक सगळे छोटे व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि संवादांतून गोष्ट सांगणारे गेम, रेनपाय नावाच्या इंजिनवर होतात. फुकट आहे, पायथॉनवर उभं आहे, २००४ पासून चालू आहे, डोकी डोकी लिटरेचर क्लब पण त्यावरच झालाय. त्यात लिहायचं म्हणजे नाटकाच्या संहितेसारखं, पात्राचं नाव आणि संवाद. मधे मेनू येतो, दोन-तीन पर्याय, प्रत्येक पर्यायाखाली तुम्ही एक आकडा वाढवता किंवा कमी करता आणि पुढच्या प्रसंगाला उडी मारता. नंतर कुठेतरी तपासता, आकडा अमुक पेक्षा जास्त असेल तर हा प्रसंग, नाहीतर तो. झालं, एवढंच यंत्र आहे. सगळं अवलंबून असतं ते तुम्ही कुठला आकडा मोजता त्यावर. फक्त "ती माझ्यावर किती खूश" एवढा एकच आकडा ठेवला की हनीपॉप होतो, कारण मग प्रत्येक गोष्ट त्या एका पट्टीत ओतावी लागते, कियानाचं मूलसुद्धा. मूल खरंच गोष्टीत आणायचं तर त्याच्यासाठी वेगळे प्रसंग लिहावे लागतात, वेगळी चित्रं, वेगळे आवाज, आणि छोट्या टीमला ते परवडत नाही. माझा अंदाज आहे की त्यांनी कोड्यावर पैसे घातले आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरच ठरलं.

माझ्या गेममध्ये मुक्ता नावाचं पात्र आहे, चौतीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, घटस्फोट झालेला. तिच्यासाठी मी तीन आकडे ठेवलेत, विश्वास, थकवा आणि ती तुमच्याशी किती वेळा खोटं बोलली. थकवा जास्त असेल तर तुम्ही काहीही चांगलं बोललात तरी ती नाहीच म्हणते. एक प्रसंग असा आहे, रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलेत, ताट समोर आलंय, आणि तिच्या आईचा फोन वाजतो. ती बघते आणि फोन उलटा ठेवते. इथे पर्याय तीन. "उचल ना, मी थांबतो." "आई काय म्हणतेय?" आणि तिसरा म्हणजे काही न बोलता पाव पुढे करायचा. पहिल्या मसुद्यात मी पहिल्याला सगळ्यात जास्त विश्वास दिला होता, दिसायला तोच समजूतदार. माझ्या बहिणीने वाचून सांगितलं की अरे तिने फोन उलटा ठेवलाय, म्हणजे तिला आत्ता बोलायचं नाहीये, तू उचल म्हणालास तर तू पण आईच्याच बाजूचा. आता पाव पुढे करणाऱ्याचा विश्वास वाढतो. पण दोन प्रसंगांनंतर ती स्वतः विचारते, "त्या दिवशी तू काहीच का नाही विचारलंस?" आणि मग त्या गप्प बसण्याचं उत्तर द्यावं लागतं.

पुढे एक प्रौढ प्रसंगही आहे. तो मी सगळ्यात शेवटी लिहिला आणि त्यातही ती मधे थांबू शकते, थांबली तर गेम संपत नाही, दोघं चहा करतात आणि बोलतात. खेळून बघितलेल्यांना तोच भाग जास्त जवळचा वाटला.

देवनागरीचं कोणी विचारेल म्हणून, पूर्वी रेनपायमध्ये जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. आता त्यात हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आल्यापासून अक्षरं नीट जुळतात, चांगला युनिकोड फॉन्ट फोल्डरमध्ये टाकला की काम होतं.

सांगलीकर_हिंजवडीत

पिंपळपान दादा, पॅशन आधी केलं आणि लोलाची डेट निघाली, मूव्ह शिल्लक ठेवून! लांबून तुकडा सरकवता येतो हे मला माहीत होतं पण मी ते फार वापरत नव्हतो, आता बोर्डकडे बघायची पद्धतच बदललीय. आयकोसाठी डेट गिफ्ट साठवतोय.

रंकाळा, हॉल-ए विशलिस्टला टाकला. मेघनाताई, ड्रीम डॅडीसुद्धा, मला पुरुष-पुरुष असल्याची काही अडचण नाही, आणि मुलीचा भाग वाचून तर आत्ताच घ्यावासा वाटतोय. बायोडाटाचं जे लिहिलंत ते अगदी लागलं, माझं स्वतःचं स्थळं बघणं चालू आहे घरी, आणि परवाच एका मुलीशी फोनवर बोलताना मी तिला पगार, बदली, पुण्यात राहायची तयारी असलंच विचारत होतो, तिने मधेच विचारलं की तुम्हाला ऑफिसातून आल्यावर कोणाशी बोलावंसं वाटतं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. परत फोन करणार आहे.

गोदाकाठ, तुमचा गेम कधी येतोय? मुक्ता त्या प्रश्नाचं उत्तर ऐकून काय करते ते मला बघायचंय.

गोदाकाठ

तारीख सांगत नाही, नोकरी सांभाळून चाललंय. चित्रं एक मैत्रीण काढतेय, ॲनिमेचीच धाटणी आहे पण चेहरे आपले, मुक्ताचा रंग सावळा आहे आणि केस फिजिओच्या कामाला बरे पडतात म्हणून कापलेले. एकच अडलंय. मुक्ताची रूममेट वैशाली अकोल्याची आहे, तिची भाषा मी कानावर जेवढी पडली तेवढ्यावर लिहिलीय आणि ती खोटी वाटतेय, सिनेमातल्या विनोदी पात्रासारखी. ती विनोदी नाहीये, सगळ्या गेममध्ये सगळ्यात समंजस तीच आहे. वऱ्हाडी घरात बोलणारं कोणी असेल तर संवाद वाचून दाखवाल का? वैशालीचे साधारण चाळीस-पन्नास संवाद आहेत.

मूर्तिजापूरचा_पक्या

मी वाचतो भाऊ, पाठव. आमच्या घरी आजीपासून सगळे तेच बोलतात. एक आत्ताच सांगून ठेवतो, अकोल्याची पोरगी मुंबई-नाशिकवाल्या रूममेटसंग दिवसभर वऱ्हाडी नाही बोलत, ती तुमच्यासारखीच बोलते, पण घरून फोन आला, नाहीतर डोकं फिरलं, का मग तिकडे वळते. मुक्ताला समजावतानी तिला वऱ्हाडी बोलू दे, "तू काहून रडून राहिली बाप्पा, चाल जेवून घे आधी," अशी. बाकीच्या वेळी साधं ठेव. फाईल मेसेजमध्ये टाक, रविवारी बसतो.

गोदाकाठ

टाकली. जिथे ती मुक्ताला "ह्याला नाही म्हण" असं सांगते तो संवाद आधी बघ, तोच सगळ्यात जास्त अडलाय.